फरशी बसवण्याआधी

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत 'जलतरण तलावाचे नूतनीकरण करणेबाबत' असा विषय आला की त्यावर फारसे कोणी बोलत नाही. रस्त्यावरून भांडण होते, गाळ्यांच्या भाड्यावरून होते, पाणीपट्टीवरून तर हमखास होते. तलाव म्हटले की सत्ताधारी आणि विरोधक दोघेही माना डोलावतात. पोरे पोहणार, त्याला नको कोण म्हणणार? अंदाजपत्रक तयारच असते. निळी फरशी, स्टीलचे कठडे, कपडे बदलायच्या खोल्या, प्रवेशद्वारावर कमान आणि कमानीखाली कोनशिला. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. प्रशासकांच्या लांबलेल्या राजवटीनंतर सभागृहांत माणसे बसली आहेत आणि त्यांना लोकांच्या डोळ्यांत भरेल असे काही करून दाखवायचे आहे. पेठ वडगाव, हुपरी, कागल, जयसिंगपूर अशा गावांत तलाव नवा बांधण्याचे किंवा जुना दुरुस्त करण्याचे विषय निघतील तेव्हा कोणी नवल करणार नाही.

अशा कामाला आमचा विरोध नाही. मात्र फरशीचा रंग ठरण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. या पाण्यात कोण उतरणार, आणि पाणी रोज कोण बघणार? दोन्ही प्रश्न फार जुने आहेत आणि अंदाजपत्रकात त्यांना रकाना नसतो.

जुने म्हणजे किती? मोहेंजोदडोचे स्नानकुंड १९२५-२६ च्या सुमारास उत्खननात वर आले. लांबी साधारण १२ मीटर, रुंदी ७, खोली २.४ मीटर. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे सगळ्यांना त्याच्या पायऱ्या आठवतात. त्याची खरी करामत विटांच्या मागे आहे. विटा एकमेकींना घट्ट भिडवून बसवलेल्या आणि भिंतीच्या आत डांबराचा थर, पाणी झिरपू नये म्हणून. वापरलेले पाणी काढून द्यायला माणूस उभा राहील एवढी उंच, कमानीच्या छताची मोरी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला गळती आणि निचरा या दोन गोष्टींची काळजी होती. आज दुरुस्तीला काढलेल्या कुठल्याही सार्वजनिक तलावाचे दुखणे विचारा, उत्तरात हेच दोन शब्द येतील.

आपल्या भागात पोहण्यासाठी म्हणून पाणी कोणी बांधले नाही. ते पिण्यासाठी, शेतीसाठी, जनावरांसाठी बांधले आणि पोरांनी ते पोहण्यासाठी वापरले. वडगावचेच बघा. सेनापती धनाजी जाधव १७०८ मध्ये इथे वारले, त्यांची समाधी इथे आहे. १७३१ च्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरच्या गादीकडे आला आणि नदीपासून थोड्याच अंतरावरचे हे गाव सरहद्दीजवळचे झाले. हमरस्त्यावरच्या वाठारला आजही कागदोपत्री 'वाठार तर्फ वडगाव' म्हणतात, म्हणजे आसपासची खेडी एके काळी या गावाच्या हिशेबात धरली जात. पेठ भरायची तर माणसांना आणि बैलांना पाणी हवे. विहीर, आड, तलाव ही पेठेची पहिली गुंतवणूक, दुकानांच्या ओळी त्यानंतरच्या.

वारणेच्या या काठावर आज साठी-सत्तरीत असलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष विहिरीत पोहायला शिकला. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका किंवा वाळका भोपळा बांधायचा, पुढे पुढे पत्र्याचा डबा आणि ट्रॅक्टरची ट्यूब आली. चुलता नाहीतर थोरला भाऊ कमरेचा दोर धरून काठावर उभा. पहिले चार दिवस नाकातोंडात पाणी, आठवड्यात दोर सैल, महिन्यात मोटेच्या थारोळ्यावरून मुटका. फी नव्हती, वेळापत्रक नव्हते, जीवरक्षकही नव्हता. बुडणारे बुडत. त्या दिवसांच्या आठवणी काढताना हे शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात.

ती सोय संपली कशी हे मात्र सरळ सांगता येते. मोट गेली, विजेची मोटार आली, बोअर खाली खाली गेले आणि विहिरींनी तळ दाखवला. वारणा आणि पंचगंगेवरून उपसा योजनांची पाइपलाइन उसाच्या बांधापर्यंत आली तशी विहिरीची गरज सरली. काही बुजवल्या, काहींत कचरा पडला. पंचगंगेत केंदाळ आणि सांडपाणी इतके, की आजोबा ज्या घाटावरून सूर मारत तिथे नातवाला कोणी पाय बुडवू देत नाही. म्हणून नगरपालिकेचा तलाव हवा. ती चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी जवळपास पोहण्याजोगी एक विहीर दाखवावी.

विहिरीच्या आठवणी काढताना आणखी एक गोष्ट गाळली जाते. त्या पाण्यात सगळे उतरत नव्हते. मुली जवळजवळ नव्हत्याच. त्या काठावर धुणे धूत. आणि गावकुसाबाहेरच्या मुलाने गावाच्या विहिरीत उडी मारली असती तर काय झाले असते, हे सांगायची गरज नाही. कोल्हापुरातली गंगाराम कांबळे यांची हकिकत सर्वांना माहीत आहे, पण ती चहाच्या दुकानाची गोष्ट म्हणून. तिची सुरुवात हौदापाशी झाली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गंगारामांना मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा दिल्लीत होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः चहा घेतला. पुढे सप्टेंबर १९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढला: संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा यांत अस्पृश्यता पाळायची नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च १९२० मध्ये, माणगावला परिषद झाली आणि महाराजांनी डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितले की हा तुमचा पुढारी. ते माणगाव आपल्याच हातकणंगले तालुक्यात आहे.

हुकूम आणि पाणी यांत किती अंतर असते ते सात वर्षांनी महाडला दिसले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, तळे होते तसेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मग १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडले. नगरपालिकेच्या कारभाऱ्यांनी हा क्रम नीट वाचावा. ठराव करणारी नगरपालिका, तो न पाळणारी नगरपालिका आणि तो रद्द करणारी नगरपालिका, तिन्ही एकच.

हे आपल्याच मातीतले आहे असेही समजू नये. अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत गावोगावी प्रचंड सार्वजनिक तलाव बांधले गेले. काळ्या नागरिकांना त्यांत प्रवेश द्यावा असे न्यायालये सांगू लागली तेव्हा कित्येक शहरांनी तलावच बंद केले, काहींनी माती टाकून बुजवले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तेच केले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला: तलाव सर्वांनाच बंद आहे, मग भेदभाव कसला! मुंबईत ब्रीच कँडीच्या तलावावर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे भारतीयांना मज्जाव होता. चौपाटीजवळच्या दुसऱ्या प्रसिद्ध तलावाच्या नावातच 'हिंदू' होते.

आज तलावाच्या दारावर जातीची पाटी लावायची कोणाची छाती नाही. पाटीचे काम दुसऱ्या गोष्टी करतात. वर्षाचे शुल्क एकदम भरायचे. पोशाख ठरावीक दुकानातलाच. महिलांची तुकडी दुपारी बारा ते एक, उन्हाच्या तडाख्यात आणि स्वयंपाक-भांड्यांच्या वेळेत. मग दोन महिन्यांनी 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून ती बंद. ठेका दिला असेल तर ठेकेदाराचे गणित वेगळे. त्याला वर्षाचे पैसे भरणारे दोनशे सभासद परवडतात, रोज दहा रुपये घेऊन येणारी शंभर पोरे परवडत नाहीत. इंग्लंडने १८४६ मध्ये सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा केला तेव्हा तिथे पहिला आणि दुसरा असे दर्जे होते. पाणी गाळायची यंत्रे येण्याआधी तर आठवड्याच्या सुरुवातीला तलाव भरायचा आणि पाणी जसजसे मळेल तसतसा दर उतरवायचा, अशी पद्धत होती. शुक्रवारी सर्वांत स्वस्त. गरिबाला पोहायला मिळे, पण चार दिवस इतरांनी अंग धुतलेल्या पाण्यात. आपल्याकडे तेवढा उघडपणाही नसतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे बुडतो.

२५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव धरला तर त्यात साधारण ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. माणशी १३५ लिटर या शहरी निकषाने ते जवळपास ३,५०० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. गाळणयंत्रणा ठीक चालत असेल तर हे पाणी महिनोन्महिने बदलावे लागत नाही. उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर दोन हजार लिटरच्या आत भर घालावी लागते, वर फिल्टर उलटा धुवायला लागेल ते. तीच यंत्रणा बंद पडली की आठ-दहा दिवसांत पाणी हिरवे होते आणि सगळा तलाव उपसून पुन्हा भरावा लागतो. गावाला एक दिवसाआड पाणी सुटत असताना हे केले की लोक बोंबलणार, आणि त्यांचे चूक कसे म्हणावे? मग तलाव बंद. म्हणजे फरशीला धक्का न लागता, रंग न उडता तलाव मरतो. दोन पंप आणि वाळूच्या दोन टाक्या यांच्याकडे लक्ष न दिल्यामुळे.

गळती आहे की नुसते बाष्पीभवन, हे ओळखायला सल्लागार कंपनी लागत नाही. एक बादली घ्या. पाण्यात असलेल्या पायरीवर ती ठेवा, आत वजनाला दगड टाका आणि तलावाच्या पातळीइतकेच पाणी बादलीत भरा. बादलीवर आणि तलावाच्या भिंतीवर खडूने खूण करा. पंप बंद ठेवून चोवीस तासांनी बघा. दोन्हीकडे पाणी सारखे उतरले असेल तर ते उन्हाने नेले. तलावाचे जास्त उतरले असेल तर तेवढे जमिनीत गेले. मग पंप चालू ठेवून हेच पुन्हा करा. आता उतार वाढला तर दोष भिंतीत नाही, पाइपात आहे. दोन दिवसांचे काम. हे न करता संपूर्ण तलावाची फरशी उखडून नवी बसवली आणि गळती मात्र जमिनीखालच्या जुन्या पाइपात राहिली, तर उद्घाटनाच्या तिसऱ्या महिन्यात पाणी पुन्हा उतरू लागते. तोपर्यंत अंतिम बिल अदा झालेले असते.

आणखी एक धोका आपल्या काळ्या रानाचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना दोन्ही ऋतूंत ताण. त्यात काम मार्चमध्ये काढायचे, तलाव उपसायचा, मेमध्ये निधी अडकायचा आणि जूनमध्ये मोकळा तलाव तसाच पावसात ठेवायचा, हा क्रम आपल्याला अनोळखी नाही. भरलेला तलाव आपल्याच वजनाने जमिनीत बसून राहतो. रिकाम्याला खालून भूजलाचा दाब येतो, तळ फुगतो, तडकतो, आणि दाब फार झाला तर अख्खा सांगाडा उचलला जातो. दुरुस्तीसाठी उपसलेला तलाव दुरुस्तीमुळेच कामातून जायचा. उपसणे आणि भरणे यांच्या तारखा म्हणूनच निविदेत हव्यात. पावसाळ्याच्या आत पाणी परत भरले नाही तर ठेकेदाराला दंड, हे कलम कमानीपेक्षा स्वस्त आहे.

औषधाचेही तेच. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी अंदाजाने टीसीएल पावडर टाकली की काम झाले असे समजतात. क्लोरीनचा गुण पाण्याच्या पीएचवर असतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये राहिला तर क्लोरीन काम करतो. साडेआठच्या पुढे गेला की टाकलेल्या पावडरीचा बराचसा भाग वाया. बोअरच्या जड पाण्यात ही अडचण जास्त. आणि तलावावर नाकाला झोंबणारा जो वास येतो, डोळे चुरचुरतात, त्याला लोक 'औषध जास्त झाले' म्हणतात. बहुतेक वेळा औषध कमी पडलेले असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होते त्याचा तो वास. अंग धुऊन पाण्यात उतरायचे हा नियम पाटीवर असतो, नळाला मात्र पाणी नसते.

हे सगळे रोज बघायला माणूस लागतो, आणि तो रोजंदारीवरचा शिपाई असून चालत नाही. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. तालमीत हौद्याची लाल माती रोज उकरावी लागते, ताक, तेल, हळद घालून राखावी लागते, आणि ते सारे वस्तादाच्या डोळ्यांखाली होते. वस्ताद नसलेल्या तालमीची इमारत कितीही पक्की असो, तिथे मल्ल तयार होत नाही. तलावाला असाच एक वस्ताद हवा, पगारी, प्रशिक्षित, पाणी तपासता येणारा आणि पोर बुडू लागले तर उडी मारणारा. हे दोन वेगळे लोक असले तर अधिक चांगले. पण नगरपालिकेच्या मंजूर आकृतिबंधात जीवरक्षकाचे पद नसते, आणि भांडवली कामाला मिळणाऱ्या अनुदानातून पगार देता येत नाही. राज्य सरकार तलाव बांधायला पैसे देते, तो चालवायचा भार गावावर. बागा, वाचनालये, तलाव अशा सोयी १९६५ च्या नगरपालिका कायद्यात ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. ऐच्छिक म्हणजे तंगी आली की पहिली कात्री तिथे.

अशा वेळी 'ऑलिंपिक दर्जाचा' तलाव करायची हौस सगळे बिघडवते. ५० मीटर लांब, २५ रुंद आणि दोन मीटर खोल म्हणजे २५ लाख लिटर. आधीच्या तलावाच्या पाचपटीहून जास्त पाणी, जास्त वीज, मोठे पंप. आणि दोन मीटर पाण्यात न पोहता येणारे मूल उभे राहू शकत नाही, म्हणजे शिकणाऱ्यासाठी तो तलाव बादच. लोक वीरधवल खाडेचे नाव घेतात. कोल्हापूरचा हा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ब्राँझ मिळवले. खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर जलतरणातले भारताचे ते पहिले पदक. अभिमान वाटावा असेच आहे. पण त्या पातळीवर पोहोचायला त्याला बंगळूरला जाऊन प्रशिक्षक निहार अमीन यांच्या हाताखाली घाम गाळावा लागला. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाने तसले केंद्र उभारायचे स्वप्न बघू नये, निदान एका तलावाच्या अनुदानात तरी. असा खेळाडू मुळात पाण्यात उतरावा एवढे गावाने बघावे.

गावाची खरी गरज वेगळी आहे. देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. उन्हाळी सुट्टीत शेततळ्यात, बंधाऱ्यात, खाणीत बुडालेल्या पोरांच्या बातम्या दर मे महिन्यात वाचायच्या आपल्याला सवय झाली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या जिल्ह्याने अंगावर घेतले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली आणि कित्येक जण गेले, त्यांत बायका आणि मुले होती. पोहता येणारा प्रत्येक जण पुराच्या ओढीत वाचतोच असे नाही. पण पाण्यात पडल्यावर पाठीवर तरंगत राहता येणे, घाबरून समोरच्याच्या गळ्याला न पडणे, एवढे शिकलेले मूल आणि न शिकलेले मूल यांत फरक पडतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडे २५ जुलैला नद्या दुथडी भरलेल्या असतात, आणि आपले तलाव नेमके तेव्हा पावसाळ्यामुळे बंद असतात.

म्हणून नूतनीकरणात पहिला खर्च उथळ तलावाचा हवा: अडीच-तीन फूट पाणी, खरबरीत तळ, काठाला धरायला आडवी पट्टी. मोठ्या तलावाची खोली भरून कमी करावी लागली तरी चालेल. दुसरा खर्च पंप, फिल्टर आणि जमिनीखालचे पाइप. तिसरा बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या, ज्यांना कडी असेल आणि वरून कोणी डोकावू शकणार नाही. उरले तर फरशी. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पाचवी-सहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास मोफत, मुलींना संध्याकाळची वेळ, आणि सभासदांची वेळ त्यानंतर. ठेका द्यायचाच असेल तर हे तास करारात लिहून द्या.

प्रशासकीय मान्यतेच्या फाइलीत पाणी, वीज, औषध आणि दोन पगार यांचा दहा वर्षांचा हिशेब जोडलेला असावा, आणि तो पैसा पालिकेच्या कोणत्या लेखाशीर्षातून येणार हेही त्यात असावे. ते कागद नसतील तर एखाद्या सदस्याने विषय पुढच्या सभेवर ढकलायची सूचना मांडावी. अनुदान परत जाईल अशी भीती दाखवली जाईल. जाऊ द्यावे. पुढच्या वर्षी पुन्हा मागता येते.